डोंगर उशिरा उमटतात? टेरेन सर्व्हर मंदावल्यावर काय तपासावं आणि कुठे थांबावं

कोकणकड्यासमोर कॅमेरा आणून ठेवलाय, पण कडा दिसत नाही. वितळलेल्या मेणासारखा गोलसर उतार तेवढा दिसतो. पाच सेकंद जातात, दहा जातात. मग डावीकडचा एक चौकोन एकदम धारदार होतो, शेजारचा तसाच बोथट राहतो आणि दोघांमधली कड तुटल्यासारखी वाटते. पूर्ण कडा उभा राहीपर्यंत बघणाऱ्याने टॅब बंद केलेली असते.

सीझियम या ब्राउझरमध्ये पृथ्वीचा गोल दाखवणाऱ्या साधनावर चालणाऱ्या त्रिमिती नकाशांना उंचीची माहिती पुरवणारे छोटे सर्व्हर मी सांभाळतो. एक कॉलेजच्या भूगोल विभागाचा, एक ट्रेकर मंडळींचा, एक पाणलोटाचं काम करणाऱ्या गटाचा. जून उजाडला आणि पावसाळी ट्रेकचे बेत सुरू झाले की तक्रार हमखास येते: "मशीन कमी पडतंय, मोठं घ्यायचं का?" बहुतेक वेळा मोठ्या मशीनची गरज नसते. एक टाइल, म्हणजे जमिनीचा एक चौकोनी तुकडा, किती वेळात येते ते नीट मोजलं की दुखणं कुठे आहे ते कळतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी खालच्या क्रमाने जा.

लक्षणं: तुमचं कोणतं?

मंद म्हणजे नेमकं काय, हे आधी लिहून काढा. ही लक्षणं वरवर सारखी वाटली तरी त्यांची कारणं वेगळी असतात.

- पहिल्यांदा गेलेली जागा उशिरा उमटते, पण थोड्या वेळाने दुसऱ्या कुणी तीच उघडली तर लगेच येते.
- जवळून पाहताना ठीक, पण लांबून अख्खी रांग पाहायला गेलं की अडतं.
- नाशिककडे पटापट, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर मात्र रखडत.
- एकट्याने वापरलं तर छान, वर्गात तीस जणांनी एकदम उघडलं की सगळ्यांचंच थांबतं.
- सकाळी ठीक, दुपारी मंद. रीस्टार्ट केला की काही तास पुन्हा बरं.
- पृथ्वीचा गोलच दिसत नाही, नुसतं काळं आकाश.

आधी ब्राउझर: पाच मिनिटं, खर्च शून्य

ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये कॅश बंद करा आणि पान पुन्हा लोड करा. टाइल्सच्या रांगेतली एक टाइल निवडून तिच्या वेळेची फोड बघा. तीन आकडे महत्त्वाचे: विनंती रांगेत किती थांबली, पहिला बाइट यायला किती लागला, बाकीची टाइल उतरायला किती लागला. वेळ रांगेत जात असेल तर जोडण्या कमी पडताहेत. पहिल्या बाइटला जात असेल तर सर्व्हर विचार करतोय. उतरायला जात असेल तर टाइल जड आहे किंवा लाइन बारीक आहे. पुढचं सगळं या तीन आकड्यांवर अवलंबून आहे, म्हणून ही पायरी कधीही गाळू नका.

याच बैठकीत क्लायंटकडचं एक सेटिंग बघून घ्या. सीझियममध्ये गोलाचा कमाल स्क्रीन स्पेस एरर, म्हणजे पडद्यावर किती पिक्सेलची चूक चालवून घ्यायची तो आकडा, मुळात २ असतो. कुणीतरी "चित्र अजून स्पष्ट दिसावं" म्हणून तो १ केलेला मला अनेकदा सापडलाय. तो जितका कमी, तितक्या बारीक आणि जास्त टाइल्स मागितल्या जातात. मोबाइलसाठी ३ किंवा ४ ठेवलं तर कडे फारसे बिघडत नाहीत आणि विनंत्या लक्षणीय घटतात.

तीच टाइल, सर्व्हरच्या आतून

आता सर्व्हरवर लॉगिन करा आणि तीच टाइल तिथूनच, लोकलहोस्टवरून, कर्ल या कमांडने मागवा. ब्राउझर पाठवतो तेच अ‍ॅक्सेप्ट हेडर द्या, नाहीतर सर्व्हर वेगळ्या स्वरूपाची टाइल देईल आणि तुलना फसेल. वेळेचे तपशील छापायला सांगा.

आतून १० मिलिसेकंद आणि बाहेरून ८०० लागत असतील तर डिस्क, मेमरी, प्रोसेसर यांना हात लावू नका. दोष वाटेत आहे: प्रॉक्सी, लाइन किंवा अंतर. आतूनही ८०० लागत असतील तर बाहेरच्या कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. या एका तुलनेने माझे कितीतरी वाया जाणारे दिवस वाचलेत.

न सापडणाऱ्या टाइल्स

अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ४०४ किती आहेत ते मोजा. दहातल्या चार-पाच विनंत्या ४०४ होत असतील तर लेयर जेसन फाइल उघडा. कोणत्या पातळीवर (आकडा मोठा, तितका तपशील बारीक) कोणत्या टाइल्स आहेत हे सांगणारी 'अव्हेलेबल' यादी तिच्यात असायला हवी. ती नसेल किंवा जुनी असेल तर ब्राउझर अंदाजाने मागत राहतो. अरबी समुद्रातल्या, शेजारच्या राज्यातल्या, जिथे तुम्ही काहीच बनवलेलं नाही अशा टाइल्ससुद्धा मागतो. प्रत्येक नकारासाठी एक फेरी खर्च होते आणि खऱ्या टाइल्स मागे राहतात. टाइल्स नव्याने कापल्या पण यादी जुनीच राहिली, हा प्रकार दर वर्षी होतो.

काळ्या आकाशाचं उत्तरही इथेच आहे. या रचनेत सर्वांत वरच्या पातळीवर दोन टाइल्स असतात, एक पश्चिम गोलार्धाची आणि एक पूर्व. भारत पूर्वेकडे, त्यामुळे फक्त आपल्या भागाचा डेटा कापला की पश्चिमेची मूळ टाइल तयारच होत नाही आणि सीझियम गोल काढत नाही. सपाट, रिकामी टाइल त्या जागी ठेवली की काम झालं.

कॉम्प्रेशन: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

टेरेन टाइल्स बनवणारी बरीच साधनं फाइल आधीच जीझिप करून, म्हणजे दाबून लहान करून, ठेवतात, पण फाइलच्या नावावरून ते कळत नाही. टाइल उतरवून हेक्समध्ये उघडा. पहिले दोन बाइट '१एफ ८बी' असतील तर ती जीझिप आहे, आणि उत्तरासोबत कंटेंट-एन्कोडिंगचं हेडर जायलाच हवं. हेडर नसेल तर ब्राउझर तो कचरा समजतो.

उलटा प्रकारही दिसतो. फाइल साधी असते आणि "जीझिप चालू केलंय की" असं सगळे सांगतात. एनजिन-एक्स या वेब सर्व्हरमध्ये जीझिप चालू केलं तरी ते मुळात फक्त एचटीएमएलला लागू होतं. टेरेनचा कंटेंट टाइप यादीत घातला नसेल तर टाइल उघडीच जाते. यादीत घातला तर प्रत्येक विनंतीला प्रोसेसर तीच टाइल पुन्हा दाबत बसतो. त्यापेक्षा एकदाच दाबून ठेवा आणि तयार फाइल द्यायला सांगा. आधीच दाबलेली टाइल सर्व्हर पुन्हा दाबत नाही ना, हेही बघा.

किनारपट्टी मंद असण्याचं मूळ बहुधा यात असतं. पाण्याचा मुखवटा, म्हणजे कुठे पाणी आणि कुठे जमीन हे सांगणारा टाइलचा भाग, मागितला असेल तर पूर्ण जमिनीच्या किंवा पूर्ण पाण्याच्या टाइलला त्यासाठी एक बाइट पुरतो. पण जिथे जमीन आणि पाणी दोन्ही आहेत तिथे २५६ × २५६ म्हणजे ६५,५३६ बाइटचा मुखवटा जोडला जातो. दाबला तर तो अगदी लहान होतो, न दाबता पाठवला तर कोकणातली प्रत्येक खाडी तेवढा भार घेऊन येते. समुद्राच्या लाटा दाखवायच्या नसतील तर मुखवटा मागूच नका.

कॅशचं हेडर आणि जोडण्या

जमिनीची उंची रोज बदलत नाही. टाइल्सच्या पत्त्यात आवृत्ती घाला आणि ब्राउझरला त्या वर्षभर ठेवायला सांगा. लेयर जेसनची मुदत मात्र काही मिनिटांचीच ठेवा. नवी आवृत्ती आली की ब्राउझरला तिथूनच कळणार आहे.

पहिल्या तपासणीत वेळ रांगेत जाताना दिसला होता का? मग बहुधा तुम्ही अजून एचटीटीपी १.१ वर आहात. त्यात ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण सहाच जोडण्या उघडतो. एका दृश्याला ४० टाइल्स लागल्या तर सात फेऱ्या झाल्या. मोबाइलवर एका फेरीला १५० मिलिसेकंद धरले तरी सेकंदभर नुसत्या थांबण्यात जातो, सर्व्हर रिकामा बसलेला असताना. एचटीटीपी २ मध्ये एकाच जोडणीवरून सगळ्या विनंत्या जातात. ब्राउझर ते फक्त एचटीटीपीएसवर वापरतात, म्हणून आधी सर्टिफिकेट लावून घ्या.

"दुपारी मंद, रीस्टार्टने बरं"

रीस्टार्टने बरं होतं म्हणून क्रॉनमध्ये रोजचा रीस्टार्ट टाकून देणारे मी पाहिलेत. कृपया तसं करू नका, त्याने खरं कारण झाकलं जातं. रीस्टार्ट करण्याआधी दोन मिनिटं लॉग बघा. 'टू मेनी ओपन फाइल्स' दिसलं तर प्रक्रियेला उघडता येणाऱ्या फाइल्सची मर्यादा संपली आहे. लिनक्सवर ती बऱ्याचदा १,०२४ असते, आणि टेरेन सर्व्हरला जोडण्या आणि फाइल्स मिळून तेवढ्या सहज लागतात. सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये मर्यादा वाढवा. तरीही आकडा चढतच राहिला तर प्रोग्राम फाइल्स बंद करत नाहीये. नवी आवृत्ती घ्या.

लॉग स्वच्छ असेल आणि मशीन भाड्याचं असेल तर सेवेच्या डॅशबोर्डवर बर्स्ट क्रेडिट तपासा. स्वस्त मशीन आणि डिस्क ठरावीक शिलकीवर जोरात धावतात, शिलक संपली की मूळ वेगावर येतात. मग दुपार मंद वाटते, आणि तुम्ही कोडमध्ये दोष शोधत राहता.

किती खोल कापायचं?

इथून पुढे काही तास लागतात, कारण टाइल्स पुन्हा कापाव्या लागू शकतात. आधी गणित करा.

एसआरटीएमचा डेटा म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेली जमिनीची उंची; तो फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानातून ११ दिवसांच्या मोहिमेत गोळा झाला. त्याचा बारकावा एक आर्कसेकंद, म्हणजे सुमारे ३० मीटर. कोपर्निकसचा जीएलओ-३० सुद्धा ३० मीटरचाच. सीझियमच्या रचनेत शून्य पातळीची टाइल १८० अंशांची असते आणि प्रत्येक पातळीला निम्मी होते. टाइलच्या एका बाजूला ६५ बिंदू धरले तर १३व्या पातळीवर दोन बिंदूंमधलं अंतर १.२४ आर्कसेकंद येतं, १४व्या पातळीवर ०.६२. म्हणजे १४व्या पातळीवर तुमच्याकडे असलेलं सगळं आलं. १५वी आणि १६वी यांत नवीन काही नाही, मधले बिंदू भरलेले असतात तेवढेच.

पण त्याची किंमत बघा. महाराष्ट्राला वेढणारा आयत सुमारे ५४ चौरस अंशांचा धरला तर १३व्या पातळीवर १.१ लाख टाइल्स होतात, १४व्या ४.५ लाख, १५व्या १८ लाख, १६व्या सुमारे ७२ लाख. १०० जीबीच्या ईएक्सटी४ डिस्कवर नेहमीच्या सेटिंगने साधारण ६५ लाख आयनोड, म्हणजे फाइल्सच्या नोंदींच्या जागा, असतात. म्हणजे डिस्कवर जागा असूनही फाइल लिहिता येत नाही, आणि 'जागा नाही' असा संदेश बघून लोक चक्रावतात. डीएफ कमांडला आयनोड दाखवायला सांगितलं की लगेच कळतं. ३० मीटरच्या डेटासाठी मी १४वर थांबतो. खरोखर बारीक सर्वेक्षण असेल, ड्रोनचं वगैरे, तर तेवढ्याच तुकड्यापुरतं खोल जा. लाखो सुट्या फाइल्स सांभाळण्यापेक्षा एमबीटाइल्ससारखी एकच फाइल बॅकअपलाही सोपी पडते.

मागणी आल्यावर टाइल बनते आहे का?

पहिलं आणि दुसरं लक्षण असणाऱ्यांनी इथे थांबून नीट वाचा. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. टाइल मागितली गेली की 'टॉप'मध्ये प्रोसेसर वर उसळत असेल, तर तुमचा सर्व्हर तयार टाइल देत नाही, मूळ रास्टरमधून, म्हणजे उंचीच्या बिंदूंच्या जाळीतून, ती तिथल्या तिथे घडवतो. डेटा क्वचित बदलत असेल तर एका रात्रीत सगळ्या टाइल्स आधीच कापून ठेवा आणि हा विषय संपवा.

ते शक्य नसेल तर मूळ फाइलची मांडणी तपासा. जीडाल या नकाशा-डेटाच्या साधनाची इन्फो कमांड चालवून ब्लॉकचा आकार बघा. ब्लॉक फाइलच्या पूर्ण रुंदीइतका असेल तर ती पट्ट्यांमध्ये साठवली आहे. अख्ख्या महाराष्ट्राची एक आर्कसेकंदाची एकत्र फाइल सुमारे २९,९०० बिंदू रुंद होते. तिच्यातून २५६ × २५६ चा तुकडा हवा असेल तर २५६ पूर्ण ओळी वाचाव्या लागतात. हवे असतात १३१ केबी आणि वाचले जातात १५ एमबी, शंभरपटीहून जास्त. तीच फाइल चौकोनी ब्लॉकमध्ये करून घ्या, क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ असेल तर उत्तमच; जीडाल ३.१ पासून त्यासाठी वेगळा ड्रायव्हर आहे.

लांबून रांग बघताना अडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा ओव्हरव्ह्यू नसणं. आठव्या पातळीची टाइल ०.७ अंशाची असते, तिच्याखाली मूळ डेटाचे सुमारे ६४ लाख बिंदू येतात. आणि टाइलला हवे असतात ४,२२५. ओव्हरव्ह्यू म्हणजे आधीच करून ठेवलेल्या लहान प्रती. त्या नसतील तर त्या चार हजार बिंदूंसाठी जवळपास सगळे ब्लॉक उघडावे लागतात. एक कमांड, थोडी जास्त जागा, आणि फरक डोळ्यांना दिसतो.

तिसरी गोष्ट प्रक्षेपण. अनेक शासकीय आणि कॉलेजच्या कामांत डेटा यूटीएम या झोनवार प्रक्षेपणात असतो, आणि महाराष्ट्र दोन झोनमध्ये पडतो: पुणे-नाशिक ४३मध्ये, नागपूर ४४मध्ये. सर्व्हरला अक्षांश-रेखांशात टाइल्स द्यायच्या आहेत, म्हणजे तो प्रत्येक विनंतीला दोन्ही झोन वळवून जोडत बसतो. हे वळवणं एकदाच करून फाइल साठवा.

आणि तीस जणांनी एकाच वेळी एकच टाइल मागितली तर ती तीसदा बनते का, तेही बघा. एनजिन-एक्सच्या प्रॉक्सी कॅशमध्ये लॉक चालू केला की पहिली विनंती टाइल बनवून घेते आणि बाकीच्या तिच्यासाठी थांबतात.

डिस्क आणि मेमरी

प्रोसेसर निवांत आहे, टाइल्स तयार आहेत, तरी आतूनही उशीर लागतोय? मग आयओस्टॅट चालवून डिस्कची व्यग्रता आणि प्रतीक्षा बघा. फिरत्या डिस्कला विखुरलेल्या फाइल्स वाचताना सेकंदाला साधारण शंभर वाचनं जमतात. तीस विद्यार्थी, प्रत्येकी ४० टाइल्स: १,२०० वाचनं, म्हणजे बारा सेकंद. वर्ग गप्प बसून मेणाचा डोंगर बघतोय, तो या बारा सेकंदांमुळे. इथे एसएसडीवर केलेला खर्च सार्थ होतो.

मेमरीचं मत बनवताना 'फ्री'चा आकडा बघू नका. लिनक्स रिकामी मेमरी वाचलेल्या फाइल्स धरून ठेवायला वापरतो आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. 'अव्हेलेबल' रकाना बघा. आणि वर्ग सुरू होण्याच्या अर्धा तास आधी, ज्या भागाचा पाठ आहे त्याच्या टाइल्स एक छोटी स्क्रिप्ट लावून मागवून घ्या. मुलं येतात तेव्हा त्या मेमरीत बसलेल्या असतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्ट अहवालात रीअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर वाढताना दिसले, किंवा कर्नल लॉगमध्ये वाचनाच्या चुका आल्या, तर वेगाचा विचार सोडा. टाइल्स पुन्हा कापू नका, डिस्क दुरुस्त करायचं साधन चालवू नका. मूळ डेटा दुसरीकडे हलवा आणि हार्डवेअरवाल्याला बोलवा. मरणाऱ्या डिस्कवर रात्रभर टाइल्स कापून एका गटाचं मूळ सर्वेक्षणच गेलेलं मी पाहिलंय.

सर्व्हर आतून जलद आणि बाहेरून मंद, आणि दोन वेगळ्या लाइनवरून तसंच दिसतंय, तर ते नेटवर्क सांभाळणाऱ्याचं काम आहे. फायरवॉलचे नियम अंदाजाने उघडत बसू नका.

किल्ल्याची तटबंदी हवेत तरंगते किंवा जमिनीत गाडली जाते, तर तो वेगाचा दोष नाही. एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीच्या प्रतिरूपावरून मोजलेली आहे, सीझियम ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरून मोजतो, आणि भारतात या दोहोंत दहांच्या पटीत मीटरचा फरक आहे. नुसता बघायचा नकाशा असेल तर जीडालने तो फरक लावता येतो. पण त्या उंचीवरून पूररेषा, बंधारा किंवा बचावाचा मार्ग ठरणार असेल तर भूमापन जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ज्याला बोलवाल त्याला "मंद आहे" एवढंच सांगू नका. एका टाइलचा पूर्ण पत्ता, तिच्या आतल्या आणि बाहेरच्या वेळा, बिघाडाच्या वेळचा दहा मिनिटांचा लॉग आणि आजवर काय काय बदललं त्याची तारखेसकट यादी हातात द्या. त्याचे पहिले दोन तास वाचतील आणि तुमचे तेवढे पैसे.